'पुणे'चं 'पण' झालं आणि माझा पीआर तीन आठवडे पडून आहे

सातवी_खिडकी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

आमच्या गावच्या वाचनालयाची (सातारा जिल्हा, बाकी तपशील नको) छोटीशी वेबसाइट मी करून दिलीये. पायथनमध्ये. लेखाचं शीर्षक दिलं की त्यावरून पानाचा पत्ता आपोआप बनावा म्हणून एक तयार ओपन सोर्स लायब्ररी (कुणालाही वापरता-बदलता येईल असा तयार कोड) घेतली. वाचनालयासाठी लायब्ररी, असो. इंग्रजी शीर्षकांना काही अडचण आली नाही. मग ग्रंथपाल काकांनी पहिला मराठी लेख चढवला, 'पुणे शहराचे जुने नकाशे'. पत्ता तयार झाला तो असा: 'पण-शहरच-जन-नकश'. काकांचा लगेच फोन. "अरे, पुण्याचं पण कसं काय झालं?"

शोधाशोध केल्यावर गोम कळली. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दातलं अक्षर ओळखायला बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतात. त्याच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही अक्षरंच नाहीत. त्यामुळे 'अक्षर नसेल ते काढून टाक' म्हटलं की आपली अख्खी बाराखडी सपाट. सांगलीचं 'सगल', कोल्हापूरचं 'कलहपर'.

दुरुस्ती सहा ओळींची होती. फोर्क केला (त्या कोडची स्वतःची प्रत काढली), बदल केला, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या' अशी विनंती) टाकला. पण (हे माझं 'पण', पुण्याचं नव्हे) सेव्ह करताना माझ्या एडिटरने सगळी फाइल त्याच्या शिस्तीत बसवली आणि ४१२ ओळी बदललेल्या दिसायला लागल्या. कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) मेसेज 'फिक्स्ड'. ब्रँच (कामासाठी वेगळी शाखा) वगैरे काढली नव्हती, थेट मेनवर, म्हणजे मुख्य शाखेवर. दुसऱ्या दिवशी मेंटेनरने (ती लायब्ररी सांभाळणाऱ्याने) दोन ओळी लिहिल्या: धन्यवाद, फॉरमॅटिंगचे बदल वेगळे काढा आणि एखादी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा तुकडा) जोडा. मी घाईघाईत काहीतरी पुल-मर्ज केलं, तर माझ्या पीआरमध्ये दुसऱ्यांचेच ३७ कमिट येऊन बसले. तेव्हापासून शांतता. दोनदा 'काही अपडेट?' विचारून झालं.

हे लोक असेच असतात, की माझंच काही चुकतंय? पद्धत कुणी पहिल्यापासून सांगेल का?

झिपऱ्या_बोका

'कलहपर' 😂 आमच्या गावाला इतकं चपखल नाव आजवर कुणी दिलं नव्हतं. धागा वाचतोय.

टर्मिनल_तात्या

खिडकी, तुझंच चुकतंय. पण पहिल्यांदा सगळ्यांचं असंच चुकतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

कामाच्या ओळी सहा, आणि दाखवल्यास ४१२. समोरच्याने त्या सहा शोधायच्या कशा? निवडायला मूठभर तांदूळ द्यायचे आणि ताटात सगळं पोतं ओतायचं, तशातली गत. बरं, तो माणूस हे नोकरीवरून घरी आल्यावर करत असणार.

माझा पहिला पॅच (बदलाचा तुकडा) लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी होता, एका यूएसबी ड्रायव्हरचा. तिथे पीआरचं बटण नाही. पॅच मेलने जातो: साधा मजकूर, अटॅचमेंट नाही, मेलिंग लिस्टवर. कुणाला पाठवायचा ते 'गेट-मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट काढून देते. माझ्या मेल प्रोग्रॅमने सगळे टॅब खाऊन तिथे स्पेस टाकले आणि पॅच लागेचना. एका ओळीत उत्तर आलं की तुमच्या मेल प्रोग्रॅमने पॅच मोडलाय. नंतर पाहतो तर कर्नलच्या कागदपत्रांत कुठला मेल प्रोग्रॅम कसा लावायचा यावर वेगळं पानच आहे. म्हणजे माझ्याआधी किती जण तिथेच घसरले असतील! मग 'गिट सेंड-ईमेल' शिकलो (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम). दुसऱ्या खेपेला 'बदल काय केला ते दिसतंय, का केला ते लिहा' असं आलं. तिसऱ्या खेपेला घेतला.

त्या 'का'ची सवय तिथे लागली ती आजवर आहे. कमिटची पहिली ओळ छोटी, आज्ञा दिल्यासारखी. मग एक ओळ मोकळी. मग परिच्छेद: आधी काय घडत होतं, का घडत होतं, आता काय होईल. तुझ्या बाबतीत पहिली ओळ 'पत्ता बनवताना मात्रा आणि हलन्त राखा' अशी होईल, आणि खाली पुण्याचं 'पण' कसं झालं ते. हे कुणासाठी? पाच वर्षांनी कुणीतरी 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कुणी, कधी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) मारून त्या सहा ओळींपाशी येईल आणि म्हणेल, हे कशाला ठेवलंय, काढून टाकू. त्याच्यासाठी.

पॅच सुधारून पुन्हा पाठवताना विषयात 'व्ही टू', 'व्ही थ्री' लिहायचं आणि मागच्या खेपेपासून काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली टाकायचं. त्या रेघेखालचं इतिहासात जात नाही, फक्त वाचणाऱ्याला कळतं. गिटहबवर (पीआर टाकतात त्या साइटवर) हीच गोष्ट कमेंटमध्ये लिही: 'फॉरमॅटिंग काढलं, टेस्ट जोडली, बाकी तेच.' नुसतं 'ओके' किंवा 'काही अपडेट?' याने समोरच्याला काहीच कळत नाही.

अवांतर: तिथे प्रत्येक पॅचखाली स्वतःच्या नावाने 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, एवढाच तिचा अर्थ. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समध्ये आमचा कोड घुसलाय म्हणून कोर्टकचेरी सुरू केली, त्यानंतर २००४ पासून ही प्रथा आली. आणि गिट स्वतः २००५ चं. बिटकीपर नावाच्या ज्या प्रोग्रॅमवर कर्नलचं काम चालायचं त्याची फुकट परवानगी काढून घेतली गेली, तेव्हा लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिलमध्ये काही दिवसांत गिटचा पहिला सांगाडा उभा केला. गिटहब तीन वर्षांनी, २००८ ला आलं. पीआर म्हणजेच गिट असं पोरांना वाटतं म्हणून सांगितलं.

सातवी_खिडकी

तात्या, दंडवत. मग आता त्या ३७ कमिटांचं काय करू? रीबेस (आपले बदल मूळच्या ताज्या कोडवर पुन्हा बसवणं) म्हणतात ते हेच का? ते करायला गेलो तर 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून बाणाच्या खुणा आल्या फाइलमध्ये, घाबरून लॅपटॉपच बंद केला.

टर्मिनल_तात्या

लॅपटॉप बंद केल्याने कॉन्फ्लिक्ट जात नाही रे 😄 'गिट रीबेस' आणि पुढे डॅश-डॅश 'अबॉर्ट'. होतं तसं परत.

आता शांतपणे. तुझा फोर्क म्हणजे 'ओरिजिन'. मूळ रेपो (कोडचं कोठार) 'अपस्ट्रीम' नावाने जोडून घे. 'गिट फेच अपस्ट्रीम' कर, म्हणजे त्यांच्याकडचं ताजं तुझ्याकडे येईल, तुझ्या फाइलींना हात लागणार नाही. मग अपस्ट्रीमच्या मेनपासून नवी ब्रँच काढ, नाव 'मात्रा-दुरुस्ती' असं काहीतरी. इथे पाटी कोरी. एडिटरचं आपोआप फॉरमॅट बंद कर आणि त्या सहा ओळी हाताने पुन्हा लिही. हो, हाताने. जुन्या घोळातून सहा ओळी वेचायच्या युक्त्या आहेत, 'गिट चेकआउट' ला 'मायनस पी' दिलं की एकेक तुकडा विचारून घेतं, पण सहा ओळींसाठी कशाला?

कमिट करायच्या आधी 'गिट डिफ' ची सवय लाव. आपणच आपला बदल परक्या नजरेने वाचायचा. तुझे दोन प्रिंट, एखादी मोकळी ओळ, चुकून गेलेला पासवर्ड, सगळं तिथे सापडतं.

कॉन्फ्लिक्टच्या खुणांना घाबरायचं कारण नाही. मधे बरोबरच्या चिन्हांची रेघ, तिच्या वर एक बाजू, खाली दुसरी. गिट एवढंच म्हणतंय की दोघांनी एकच ओळ बदललीये, मला ठरवता येत नाही, तू ठरव. मात्र एक लक्षात ठेव. रीबेस करताना बाजू उलट्या असतात: 'अवर्स' म्हणजे अपस्ट्रीम आणि 'देअर्स' म्हणजे तुझं. इतक्या वर्षांनीही मी तिथे एकदा थांबून मनात म्हणून घेतो.

आणि मग त्याच पीआरवर फोर्स पुश कर. साधा फोर्स नाही, 'फोर्स-विथ-लीज'. मधल्या काळात तिथे कुणी काही ढकललं असेल तर तो अडवतो.

कंदील

तात्या, एरवी मान्य, पण इथे नवा पीआर काढलेला बरा. याने पीआर स्वतःच्या फोर्कच्या मेनवरून काढलाय, त्यात ३७ कमिट शिरलेत, वर दोन 'काही अपडेट?' आहेत. तो धागा उघडायलाच कंटाळा येणार. जुना बंद करायचा, बंद करताना दोन ओळी: 'गोंधळ झाला, माफ करा, स्वच्छ पीआर या क्रमांकावर आहे.' नव्यात जुन्याचा क्रमांक. बस.

मी दुसऱ्या बाजूची आहे म्हणून सांगते. बारकोड वाचणारी एक छोटी लायब्ररी आम्ही दोघं सांभाळतो. दुसरा माणूस मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही, तो ब्राझीलमध्ये असतो. माझी वेळ म्हणजे रविवारी चार ते सहा, मुलगी पोहायला जाते तेव्हा, नाशिकच्या तरणतलावाच्या पायऱ्यांवर बसून, आधी फोनवर. त्या दोन तासांत मी काय बघते ते खरं खरं सांगू?

आधी आकडा बघते. पीआरच्या डोक्यावर हिरव्या-लाल आकड्यांत किती ओळी वाढल्या, किती गेल्या. वीस-तीस असतील तर पायरीवर बसल्या बसल्या वाचते. चारशे असतील तर 'घरी गेल्यावर बघू', आणि ते 'घरी गेल्यावर' कधी येतं ते संसार करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मग सीआय (सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हिरवं आहे का. लाल असेल तर वाचतच नाही, आधी त्याने हिरवं करावं. मग टेस्ट उघडते, कोडच्या आधी. टेस्ट वाचून कळतं की या माणसाला नेमकं काय हवंय. टेस्ट अशी हवी की दुरुस्ती काढली तर ती पडली पाहिजे. न पडणारी टेस्ट घेऊन येणारे पुष्कळ असतात.

एवढं झाल्यावर कोड. तो बहुतेक वेळा ठीक असतो!

मला अडतं ते पुढेच. घेतलेली प्रत्येक ओळ उद्यापासून माझी. देणारा नोकरी बदलतो, लग्न करतो, विसरून जातो. दोन वर्षांनी ती मोडली की फोन माझा वाजतो. म्हणून 'छान आहे, पण नको' असंही म्हणावं लागतं. वाईट मलाही वाटतं. मोठी नवी गोष्ट करायची असेल तर आधी इश्यू (चर्चेसाठीची नोंद) उघडून विचारावं, ते यासाठी. तीन रविवार घालवून कुणी सुंदर काहीतरी लिहून आणतं आणि आम्ही ती दिशाच आधी सोडून दिलेली असते.

तीन आठवडे म्हणजे फार नाहीत, खिडकी.

झिपऱ्या_बोका

ताई, _/\_

फुकट_हमाल

सगळं छान चाललंय, पण मुळात हे करायचं कशाला? कोट्यवधी कमावणाऱ्या कंपन्या हा कोड फुकट वापरतात, आणि आपण रविवारी पायऱ्यांवर बसून त्यांचा माल तपासतो. वर शिष्टाचार आपणच शिकायचे. मेसेज असा लिहा, टेस्ट तशी लिहा. हघ्या (हलके घ्या), पण प्रश्न खरा आहे.

कंदील

प्रश्न खराच आहे, हलकं घेत नाही. उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे: मला आवडतं म्हणून करते. पण तुमचं म्हणणं किती खरं आहे ते एक्सझेडच्या वेळी दिसलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. सांभाळणारा मुख्यतः एकटा माणूस, आणि तो थकलेला. मेलिंग लिस्टवर त्याने तसं लिहिलंही होतं. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती त्याच्या मागे लागली: पॅच पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. आणि तेव्हाच 'जिया तान' नावाचं एक खातं नीटनेटके पॅच पाठवत होतं. शिस्तीत, गोड बोलून. दोनेक वर्षांत विश्वास बसला, हक्क मिळाले, प्रकाशनाचं काम त्या खात्याकडे गेलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार बसवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आन्द्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, ते खणत गेले म्हणून सापडलं. अर्ध्या सेकंदावरून!

पद्धतीच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट: तो डाव सुरू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (आवृत्तीच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) तेवढी घातली होती, आणि बाकीचा माल टेस्टच्या बायनरी फाइलींमध्ये लपवला होता. म्हणजे पीआर कितीही बारकाईने वाचले असते तरी ती दिसली नसती. तेव्हापासून बायनरी फाइल जोडणारा पीआर आला की मी आधी विचारते, ही कशी बनवली ते दाखव.

आणि 'काही अपडेट?' या दोन शब्दांनी मी जरा जास्तच दचकते, ते याचमुळे. खिडकी, तुझा काही दोष नाही.

फुकट_हमाल

हे एवढं खोल माहीत नव्हतं. पण मग यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? त्या माणसाला कुणी पगार देत असतं तर हे झालं नसतं.

टर्मिनल_तात्या

पगारी लोक असतात की. कर्नलमधलं बरंचसं काम आज कंपन्यांचे नोकरच करतात. प्रश्न खालच्या थरातल्या या बारक्या लायब्रऱ्यांचा आहे. तिथे कुणी बघत नाही. पण तो वेगळा धागा, काढा तुम्ही, आम्ही येतो भांडायला.

अर्धा_र

मुंबई. फॉन्टचं काम करते. मूळ बगवर कुणीच बोलत नाहीये म्हणून आले.

सातवी_खिडकी, तुमची दुरुस्ती मी जाऊन पाहिली. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी यादी) ज्यांची जात 'मार्क' आहे ती सगळी चिन्हं राखायची असं केलंय. पुणे, सांगली, कोल्हापूर सुटतील. पण 'सह्याद्रीच्या दऱ्या' हे शीर्षक देऊन बघा.

आपला हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक: खाली टिंब असलेला ऱ (यू+०९३१), मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात (यू+२००डी), मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. कोणता येईल ते कळफलकावर अवलंबून. पहिला तुमच्या दुरुस्तीत टिकेल. दुसऱ्यात ते अदृश्य चिन्ह 'मार्क' जातीचं नाही, 'फॉरमॅट' जातीचं आहे, त्यामुळे ते कापलं जाईल. मग उरतं काय? र, हलन्त, य. म्हणजे रफार. दऱ्यांचा दर्या होईल! आचाऱ्यांना बोलावलं तर आचार्य येतील.

मग सरळ झेडडब्ल्यूजे सगळीकडे चालू द्या असं लिहाल, तर मेंटेनर नाही म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. अदृश्य चिन्हं पत्त्यात मोकळी सोडली की दोन वेगळे पत्ते डोळ्याला एक दिसतात, फसवणुकीला रान मोकळं. डोमेनच्या नावांपुरता हा प्रश्न आधीच सुटलेला आहे: २०१० च्या आरएफसी ५८९२ या इंटरनेटच्या नियमपत्रात नियम आहे की झेडडब्ल्यूजे हलन्ताच्या लगेच मागून आलं तरच चालेल. तोच नियम इथे घ्या. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये 'कंबायनिंग' हे फंक्शन हलन्ताला ९ हा आकडा देतं. मागच्या अक्षराचा आकडा ९ असेल तर झेडडब्ल्यूजे ठेवा, नाहीतर काढा. बंगाली, कन्नड, मल्याळम सगळ्यांचे हलन्त त्या एका आकड्यात येतात, त्यामुळे 'फक्त मराठीसाठी खास सोय' असंही कुणी म्हणणार नाही.

टेस्टमध्ये दऱ्या दोन्ही तऱ्हांनी घाला. आणि झेडडब्ल्यूजे कोडमध्ये थेट टाइप करू नका, आकड्याने लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला दोन सारख्याच ओळी दिसतील, आणि पुढे कुणीतरी त्यातली एक 'डुप्लिकेट' म्हणून काढेल.

कंदील

याला म्हणतात रिव्ह्यू. अर्धा_र, हे सगळं तिकडे इंग्रजीत पीआरवर लिहा ना. तिथल्या मेंटेनरला मराठी येत नसणार, त्याला हे कोण सांगणार?

अर्धा_र

लिहिते. पण स्वच्छ पीआर येऊ दे आधी, त्या ३७ कमिटांच्या गर्दीत नको :)

रात्रपाळी

एवढा व्याप कशाला? एआयला सांगायचं, 'बग दुरुस्त कर, टेस्ट लिही, पीआरचं वर्णन लिही'. पाच मिनिटांत काम. मी महिन्यात अकरा पीआर टाकलेत.

कंदील

आणि घेतले किती?

रात्रपाळी

एक. रीडमीमधली स्पेलिंगची चूक.

कंदील

साधन कोणतंही वापरा हो, माझं काही म्हणणं नाही. पण गेल्या महिन्यात आलेल्या एका पीआरमध्ये आमच्या लायब्ररीत नसलेलंच फंक्शन वापरलं होतं. विचारलं, हे कुठून आणलं? तर उत्तरही तसंच लांबलचक, गुळगुळीत आलं, मुद्द्याला हात न लावता. लिहायला त्यांना पाच मिनिटं, वाचायला मला चाळीस. कर्ल या ओपन सोर्स प्रोग्रॅमचे डॅनियल स्टेनबर्ग तर या असल्या बनावट बग रिपोर्टांबद्दल उघडपणे वैतागून लिहीत आलेत. पीआर टाकला की त्यातल्या प्रत्येक ओळीचं 'का' तुम्हाला सांगता आलं पाहिजे, कुणीही लिहिलेली असो.

टर्मिनल_तात्या

२०२० चा ऑक्टोबर आठवला. चार पीआर टाका आणि टी-शर्ट मिळवा असा उपक्रम होता. लोकांनी हजारो रेपोंच्या रीडमीमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढंच लिहून पीआर टाकले. शेवटी त्याच महिन्यात नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला हवं त्यानेच भाग घ्यायचा म्हणून. टी-शर्टसाठी! आपल्याकडचेही बरेच होते त्यात, उगाच लपवत नाही.

मांडवीकाठ

कोड न येणाऱ्यांनी निराश होऊ नये म्हणून माझी पाच पैशांची भर. मी पणजीची, शिक्षिका. गिट काय ते मला आजही माहीत नाही. मराठी विकिपीडियावरची बटणं आणि सूचना ज्या सॉफ्टवेअरमधून येतात त्या मीडियाविकीचं भाषांतर ट्रान्सलेटविकी या साइटवर होतं. खातं काढायचं, परवानगी मागायची, एकेक वाक्य समोर येतं, मराठी लिहायचं. तिथून ते कोडमध्ये कसं जातं ते त्यांचं ते बघतात. फायरफॉक्सचं असंच पॉन्टूनवर, लिबरऑफिसचं वेबलेटवर.

पण पद्धत इथेही आहेच. 'अमुक सदस्य आला' असं वाक्य होतं. इंग्रजीत आला-आली नसतं, आपल्याला लागतं. मीडियाविकीत त्यासाठी 'जेंडर' नावाची सोय आहे, पण मूळ संदेशात सदस्याचं नावच पुरवलेलं नसेल तर भाषांतर करणारा काय करणार? मग मदतीच्या पानावर जाऊन लिहावं लागतं, की आमच्या भाषेत असं आहे, मूळ वाक्य बदला. मी लिहिलं. उदाहरणं दिली, इंग्रजी मोडकंतोडकं होतं. बदललं त्यांनी. कुठेतरी कुणा इंजिनियरने कोडमध्ये बदल केला, कारण पणजीतल्या एका बाईने सांगितलं की आमच्यात 'ती आली' म्हणतात. त्या दिवशी वर्गात जरा जास्तच ताठ चालले.

'सेव्ह'ला जतन करा, साठवा की सुरक्षित करा, यावर आमच्यात जे रण माजतं त्यापुढे तुमचे मर्ज कॉन्फ्लिक्ट काहीच नाहीत.

झिपऱ्या_बोका

'जतन करा'. विषय संपला.

फुकट_हमाल

'साठवा'. विषय आत्ता सुरू झाला.

सातवी_खिडकी

अपडेट. (विचारलेलं नाही, देतोय!)

जुना पीआर माफी मागून बंद केला. नवा काढला: ३१ ओळी, त्यातल्या १९ टेस्टच्या. मेसेज लिहायला कोडपेक्षा जास्त वेळ लागला. अर्धा_र ताईंनी खाली दर्या आणि दऱ्या यांचा फरक इंग्रजीत असा लिहिला की तिथल्या दुसऱ्या एका कॉन्ट्रिब्युटरने येऊन विचारलं, मल्याळममध्येही असंच काही आहे, ते जोडू का? मेंटेनर म्हणाला, हा पीआर एवढाच राहू दे, त्यासाठी वेगळा काढा. तात्यांचा तांदूळ आठवला.

मग सीआय लाल. माझ्या मशीनवर सगळं हिरवं, तिथे विंडोजवरच पडतंय. दोन रात्री गेल्या. कारण क्षुल्लक निघालं: टेस्टची मराठी उदाहरणं मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली होती आणि ती उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे सांगितलंच नव्हतं. लिनक्सवर आपोआप तेच धरलं जातं, विंडोजवर दुसरंच काहीतरी. एक शब्द वाढवला, हिरवं झालं.

परवा रात्री मर्ज झालं. मेंटेनरने इंग्रजीत एकच ओळ लिहिली, तिचं ढोबळ मराठी: 'ही लिपी मला वाचता येत नाही, पण आता ती मोडली तर टेस्ट मला सांगेल.'

टर्मिनल_तात्या

अभिनंदन! पार्टी.

कंदील

अभिनंदन. आता त्याच रेपोत दुसऱ्या कुणाचा तरी पीआर वाचून काढ. मर्ज करायचा हक्क नसला तरी वाचायला आणि चालवून बघायला कुणाची ना नाही. 'तुमची ब्रँच माझ्याकडे चालवली, अमुक ठिकाणी अडलं' एवढं लिहिलंस तरी त्या माणसाचा अर्धा रविवार वाचेल.

सातवी_खिडकी

एक वाचायला घेतलाय, अरबीचा आहे. काही कळत नाहीये, पण चालवून बघतोय.

काकांना फोन करून सांगितलं की झालं, जगभर दुरुस्त झालं. ते म्हणाले, "आपल्या साइटवर तर अजून पणच आहे." खरंय. नवी आवृत्ती यायचीय. ती आली की आपल्याकडे चढवायची, आणि जुने पत्ते ज्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेत त्यांच्यासाठी 'पण'वरून 'पुणे'कडे वळण द्यायचं. लेख आतापर्यंत १४० झालेत. हे वळण कसं द्यायचं यावर वेगळा धागा काढू, की इथेच विचारू?